काळी दोन आणि पांढरी तीन यांच्यामध्ये

युझेबिओ काब्राल लष्करात आला
तेव्हा त्याच्याकडे एक काळा डगला होता
आणि डावा हात.
उजवा सगळ्यांनाच असतो, माझा बाप म्हणायचा,
डावा कमवावा लागतो.

बाप पियानो लावायचा. मीही लावतो.
ईस्ट स्ट्रीटच्या मागे एक क्लब होता
(आता चष्म्यांचं दुकान आहे),
तिथल्या पियानोचे पाय पितळी वाट्यांत,
वाट्यांत रॉकेल, मुंग्यांसाठी,
तरी वाळवी आलीच, वरून, छतातून.
हातोड्यांची बनात झिजली
की खडकीच्या बाजारातून
कुणा सोजिराचा ओव्हरकोट आणायचा आणि कापायचा.
पुण्याच्या पियानोचा तो बसका, मऊ आवाज
लोक म्हणतात हवेमुळे.
कोटामुळे. मी स्वतः कापलेत.

अमेरिकेची चाल काब्रालने तबकड्यांवरून उचलली होती,
पण रोज रात्री स्टेशनवरून यायचा तो टांग्याने
आणि घोडा मागच्या एका पायाने लंगडा.
महिनाभरात डावा हात तसाच पडायला लागला:
टप् टप्, जरा थांबून, टप्.
नाचणारी जोडपी अडखळली.
मग शिकली.

एकदा म्हणाला, ही मधली पांढरी तीन
थोडी उतरवूनच ठेव.
किती?
शेजारच्या काळी दोनला वाटलं पाहिजे
दारात कुणी उभं आहे, इतकी.
बाप म्हणाला, बेसूर मी लावत नाही.
काब्राल काही बोलला नाही,
त्याने एकच बोट काळीवरून पांढरीवर घसरू दिलं,
जिन्याच्या शेवटच्या पायरीला पाय चुकावा तसं.

बापाने हे ऐकलं होतं.
तमाशाच्या थेटरात सोनबा खुडे पेटीवर बसायचा,
पेटीत मींड नाही म्हणून
कोमल आणि शुद्ध दोन्ही गंधार एकदम दाबायचा,
दोन बहिणी एका घोंगडीत,
आणि थेटरातले हमाल मान खाली घालायचे.

बापाने किल्ली फिरवली. तिन्ही तारा. किंचित.

क्लब मोडला, लिलाव झाला,
पियानो घेतला रिव्का किहीमकरने,
सकाळी मिलिटरी अकाउंट्समध्ये टायपिस्ट,
संध्याकाळी रास्ता पेठेत शिकवण्या.
पोरांना परीक्षेचे धडे, पाठ ताठ, मनगट वर,
आणि शेवटची पाच मिनिटं, दार लावून, घोडा.
खालच्या मजल्यावर ढोलकीवाले राहायचे, ते भिंतीवर ठेका धरत,
असं करत करत घोड्याचा एक टाप वाढला.
कुणी ठरवून केलं नाही.
अश्दोदला गेली तेव्हा पियानो माझ्याकडे.
पत्रात अजून विचारते, पांढरी तीन बरी आहे ना,
जणू आजारी मावशी.

गेल्या वर्षी एका कॅफेवाल्याने तो विकत घेतला.
शनिवारी तिथे आम्रपाली झेंडे वाजवते,
ताडीवाला रोडची, बाप रेल्वेत.
घरी तिचा विजेचा कीबोर्ड आहे,
त्याला चाक असतं, फिरवलं की सूर वाकतो.
तू फिरवत नाहीस? मी विचारलं.
मग बोटाला काय काम, म्हणाली.
टांग्यात ती कधी बसलेली नाही.
पण डावा हात थांबतो. तिथेच थांबतो.
मी कॉफी तशीच ठेवून
बाहेर फुटपाथवर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

मालक मोबाइल घेऊन शेजारी बसला काल,
प्रत्येक पट्टीला हिरवा दिवा लागला पाहिजे.
लावत गेलो. हिरवा, हिरवा, हिरवा.
मधल्या पांढरी तीनला लाल.
काका, ही राहिली.
राहू दे.
अहो पण...

जुना पियानो, पट्ट्या पंच्याऐंशी.
बिल चौऱ्याऐंशीचं केलं.