तोलाराची साक्ष

पाळकसाहेब विचारायचे, "शिमोनभाऊ, या महिन्यात किती जणांना सांगितलंत?"
मी वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातला तोलार,
मला वाटायचं, हेही मोजता येतं.
दर शनिवारी शंभर पत्रकं,
गाळ्यागाळ्यावर, चहाच्या टपरीवर,
झोपलेल्या क्लीनरच्या उशाशी.
सोमवारी तीच दिसायची
कांद्याच्या पापुद्र्यांबरोबर उडताना,
एकात भेळ, एक डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली.
तरी मंडळीत उभा राहून मी म्हणायचो : शंभर.

आनंदा मोहिते माथाडी. पाटणकडचा, राहायला कोपरखैरण्यात.
त्याच्या हातात आकडा, माझ्या वहीत आकडे,
सतरा वर्षं असा आमचा व्यवहार.
पाठीवर गोणी असतानाच मी त्याला गाठायचो
आणि ओझ्याविषयीचं वचन ऐकवायचो,
कारण तेव्हा त्याला पळता यायचं नाही.
(हे लिहिताना आज कान गरम होतात.)
"पन्नास किलो आहे, तोलार," तो म्हणायचा,
"आधी ही उतरू दे, मग तुझा देव."

मग पामबीच रस्त्यावर त्याचा विक्रांत गेला.
बाविसाव्या वर्षी. रस्ता कोरडा होता, दिवे चालू होते.
चौदाव्या दिवशी आनंदा कामावर आला,
डोक्यावर नुकते खुंट,
आणि कुणाशी न बोलता गोणीखाली वाकला.
मी चार वचनं लिहून आणली होती, खिशात.
जन्मभर वजनं केलेला माणूस मी,
बघताक्षणी कळलं,
ती चारही पासंगाला पुरणार नाहीत.
मागून गोणीला हात दिला. तेवढंच.
तोलारानं गोणीला हात लावायचा नसतो.

सौदे संपल्यावर तोच म्हणाला,
"सतरा वर्षं बोललास. आज का गप?"

तेव्हा मी ते सांगितलं
जे कुठल्याच साक्षीच्या सभेत सांगितलं नव्हतं :
राहेल आजारी होती, चाळीस रात्री मी गुडघ्यांवर होतो,
एक्केचाळिसाव्या सकाळी
तिच्या चपला पिशवीत घालून दवाखान्यातून घरी आणल्या.
पुढे दीड वर्ष उपासनेत नुसते ओठ हलवले.
पत्रकं मात्र वाटली.

"आणि आता?"
"आता पुन्हा बोलतो त्याच्याशी.
का, ते मलाही नीट सांगता येत नाही.
रिकाम्या खोलीत बोलतोय असं वाटत नाही, एवढंच."

आनंदा बराच वेळ आकड्याचं टोक पुसत बसला.
मग बंडीच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली,
तिच्यात घडी घातलेला कागद. माझंच पत्रक.
पाठीमागे पेनाने ४९, ५१, ५०, ५३,
खाली रेघ, बेरीज.
"सुट्टीत माझ्या जागी यायचा ना,
त्याचं अक्षर आहे."
पाचाची शेपटी लांब ओढलेली.
बेरीज दोनाने चुकलेली.
मी ती तशीच राहू दिली.

त्याने कागद उलटला.
"या बाजूला काय लिहिलंय रे? कधी वाचलंच नाही."
माझा चष्मा गाळ्यावर राहिला होता.
खरं तर अक्षर न् अक्षर पाठ होतं.
तरी म्हटलं, "उद्या वाचू."
"उद्या," तो म्हणाला,
आणि पोराची बाजू वर ठेवून घडी घातली.

पाळकसाहेबांना म्हणालो, यंदा एकच.
तेही आधी वाटलेलं, त्यानेच जपून ठेवलं होतं.
त्यांना काही कळलं नसावं.

पहाटेचे चार.
पहिला ट्रक मागे मागे येतोय.
आज चष्मा खिशात आहे.
आनंदा अजून आलेला नाही.
मी काट्यावरची माती फडक्याने पुसतो
आणि तो शून्यावर आणतो.