डाव्या अंगठ्याचं नख

लष्करात, दौलतगंजच्या उतारावर
खाली बँडवाल्यांचं दुकान, वर भार्गव पुंडे.
दुपारभर क्लॅरिनेटवर कुणीतरी एकच ओळ घोकायचं
आणि वर पुंडेकाका जवसाच्या तेलात
पांढरा घोटत बसायचे.

अख्ख्या देशाच्या पुढाऱ्याची
त्यांना वीस मिनिटं मिळाली होती,
सर्किट हाऊसच्या व्हरांड्यात, तीही चहा धरून.
चेहरा उतरला. कपाळ, भुवई,
डोळ्यांखालची जागरणाची पिशवी.
हातांवर आले, तर मोटार सुरू.

म्हणून अण्णांना बोलावलं. समोरचेच. घड्याळजी.
"हात द्या हो, वझरकर, चार दिवस."
"दिले तर जेवू कशानं?"

चाराचे अकरा दिवस झाले.
मी डबा घेऊन जायचो.
अण्णा खुर्चीत, अंगावर उसना कोट,
मान कललेली, चक्क घोरतायत,
आणि हात मात्र जागे,
काठीच्या मुठीवर एकावर एक.

डाव्या अंगठ्याचं नख त्यांनी राखलेलं,
घड्याळाचं पाठचं झाकण उचकायला.
पुंडेकाकांनी तेही काढलं.
दिसतं ते काढायचं, म्हणाले,
आपण कोण कापणारे?

चित्र दिल्लीला गेलं. छापलं गेलं.
शाळेत, चावडीवर, कॅलेंडरवर,
बिर्लानगरच्या गिरणीत टाइमकीपरच्या डोक्यावर.
खालची बोटभर पट्टी चौकटीत मावेना
म्हणून उडवली. सही तिथेच होती.

पेपरात कुणी लिहिलं, या हातांत केवढा निर्धार!
काकांनी ते जिना उतरून येऊन वाचून दाखवलं.
डोळ्याला भिंग लावून अण्णा
सांडलेला स्क्रू शोधत होते.
"सरका जरा. उजेड अडतोय."

दुकानाचा दावा नऊ वर्षं चालला.
निकालाच्या दिवशी अण्णा कठड्याशी,
न्यायाधीशांच्या मागे भिंतीवर तेच चित्र.
येणारा-जाणारा त्या चेहऱ्याकडे बघे.
अण्णा वीतभर खाली,
जसा आपलाच साक्षीदार
वेळेवर हजर झाला आहे
आणि तोंड उघडत नाही.

दुकान गेलं.
पुंडेकाका पुढे बँडच्या गाड्यांवर मोर रंगवायचे.
पंधरा रुपयांना एक.
पायांची नखं जास्तीची, त्याचे पैसे नाहीत.

परवा कोषागारात गेलो होतो,
हयातीच्या दाखल्यासाठी, मी जिवंत आहे हे सांगायला.
पंख्याच्या वाऱ्यात ते हलत होतं,
रंग विटून निळसर,
चेहरा तर ऊन लागून जवळजवळ गेलेला.
नख आहे.

"क्या देख रहे हो, दादा?" खिडकीतला बाबू.
"कुछ नहीं. कील ढीली है."
त्यानं वर न बघताच
शिक्का मारला.