पंचाची दस्ती

मुंजाजी, ओव्हर टाकायच्या आधी इकडं ये.
परभणीचं ऊन आहे हे, एप्रिलातलं, बाराचं.
बॅट्समनच्या आधी तुलाच बाद करील.

हसतोस? क्रीम म्हणजे पोरींचं काम?
थांब, घड्याळ सोडतो मनगटाचं.
पट्ट्याखालची कातडी बघ, अजून एकोणीसची.
शेजारची साठीची.
दोन्ही माझ्याच. मधे चाळीस उन्हाळे
उघड्या डोक्यानं केलेली पंचगिरी.

मानेवरचा हा डाग नांदेडला दाखवला
तेव्हा डॉक्टरीण एवढंच म्हणाली,
"काका, टोपी कुठं होती?"

घे, माझी दस्ती घे. नळाखाली भिजव,
कानामागून गुंडाळ.
नाकाला ते पांढरं लाव, जाड लाव,
हसू दे जिंतूरच्या पोरांना.

हां, आता टाक.
पाय पुढं पडला तर मात्र
नो-बॉल देणारच.