शिळेची गाठ

नेमेसिओ शीळ घालतो, दरीपलीकडे:
शेळी व्याली. पीठ पाठव.
ला गोमेरावर फोनआधी हेच होतं.
वर्षभर त्याची शीळ कलतेय;
बहीण पलीकडून विचारते, कोण तू?

जिभेच्या कडेला वाटाणा. दुखत नाही.
बोटाखाली आडवा सरकतो, उभा नाही;
तिथेच मला मज्जातंतूचा संशय आला.
तुकडा तपासला. साधी गाठ.

टेनेरिफच्या टेबलावर ती
लसणाच्या पाकळीसारखी सुटली, सालासकट.
तिच्या पाठीवरचे तंतू एकेक बाजूला सारले;
एक तुटला.
तेही त्याला सांगितलं.
त्याने मान हलवली, तोंडात कापूस होता.

सहाव्या आठवड्यात फोनवर नुसता वारा.
मग शीळ. मग लांबून दुसरी.
"काय म्हणाली?"
"म्हणते, नेमेसिओसारखं कोणीतरी आहे."