मागून वाढवलेला रकाना

सावद्याच्या केळी-गटात
रात्री पावणेबाराला मी टेबलात
एक रकाना वाढवला: करपा.
वजनकाटा थांबला नाही.
फैजपूरच्या सर्व्हरला लगेच कळलं,
चोपड्याचा मात्र सात मिनिटं
कालच्याच जगात.
तेवढ्यात तिथं तीन गाड्या भरल्या
करप्याविना.

मागच्या सव्वा लाख ओळींपुढं आता
रिकामी जागा.
शून्य नाही,
‘नव्हता’ असंही नाही.
कुणी विचारलंच नव्हतं.

सकाळी लीलाधर फिरके आले,
चष्मा पुसून पडद्यावर वाकले.
“माह्या अठराच्या बागापुढे काय लिव्हेल हाये?”
काही नाही, म्हटलं.
बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिले.
“पानं पिवयी व्हती,” म्हणाले,
“मले वाटलं,
पानी कमी पडलं.”