वेगाची अट

मंगळवार. ग्रेट यारमथचं ग्रंथालय, नावापुरता हीटर,
आणि मिस्टर थर्कटल पिशवीतून काढतात
टॉवेलात गुंडाळलेली हार्ड डिस्क.
आत अडतीस वर्षांचे कलहंस आहेत म्हणाले,
गुलाबी पायांचे, दर हिवाळ्यात आइसलँडहून
ब्रेडनच्या चिखलात उतरणारे.
मुलीसाठी दुसरी प्रत करायचीय.
पडदा म्हणतो: उरलेला वेळ एकोणीस तास.
मग बावीस. मग, लाजल्यासारखा, पुन्हा एकोणीस.

"म्हातारी झालीय," ते म्हणतात. डिस्कला.

मी टेबलाखाली वाकते.
एकाच हबवर प्रिंटर, माउस, कुणाचा तरी फोन,
चहाचा कप गरम ठेवणारी बशी,
आणि शेवटच्या भोकात ही.
एका ताटात पाच जण बसवायचे
आणि हिलाच विचारायचं, एवढी सावकाश का जेवतेस?

वायर बदलली. मागचं निळ्या जिभेचं पोर्ट शोधलं,
धूळ फुंकली. एकोणिसाचे सात झाले.
मग मेनूच्या तळघरात ती एक ओळ:
चटकन काढता येईल, की वेगानं लिहिता येईल.
दोन्ही मिळत नाही.

वेग हवा तर यंत्र जरासं खोटं बोलतं, मी सांगते.
लिहिलं म्हणतं, आणि मनातच ठेवतं,
मागाहून सवडीनं उतरवतं.
तोवर ओढायची नाही. निरोप घ्यायचा,
ते हो म्हणेपर्यंत थांबायचं.

थर्कटल स्वतःच्या हाताकडे बघतात.
आजवर गाजर उपटावं तशी उपटलीय त्यांनी, दर खेपेला.
"बायको म्हणायची, तू फोनसुद्धा असाच ठेवतोस."

मी गप्प. धुळ्याहून निघाले तेव्हा
टॅक्सी हॉर्न देत होती, आईचं वाक्य अर्धं होतं.
पुढे काय होतं, विचारायचं राहिलं.

"तुमच्या भाषेत निरोप कसा घेतात?"
येतो म्हणतात. जातो म्हणायचं नाही.
"परत यायचं नसलं तरी?"
तरी.

बंद व्हायला दहा मिनिटं असताना हंस पोचले.
पडद्यावर झाल्याची खूण, डिस्कचा दिवा मात्र
अजून लुकलुकत.
थर्कटलांनी तिच्यावर तळवा ठेवला. ऊब आहे म्हणाले,
अंड्यासारखी.
मग वाकून, नॉरफोकच्या जड जिभेनं: "येटो."

दिवा विझेना.
मॉरीन मागच्या खोल्यांतल्या ट्यूबलाइट
एकेक मालवत आली.
आम्ही उभे, कोट घालून.