एकोणिसावी पायरी

वेल्टाच्या वहीत एकोणिसाव्या पायरीपुढे
अकरा तारखा आहेत, अकराही खोडलेल्या.
आधीच्या अठरा पायऱ्यांनी खाल्ला
दोन किलो कच्चा माल आणि साडेतीन वर्षं.
उरलं ते फ्लास्कच्या तळाशी:
काकवीसारखं, हट्टी, स्फटिक न होणारं.

बर्फात ठेवून झालं,
काचकांडीने आतून खरवडून झालं.
स्फटिकालाही विरजण लागतं, आणि या संयुगाचं
विरजण जगात कुणाच्याच घरी नव्हतं.

मग तिने गुनार्सला फोन केला.
तो निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी
रीगाच्या त्या प्रयोगशाळेत अजून सांगतात
की त्याच्या दाढीत चाळीस वर्षांची धूळ आहे,
तो नुसता वाकला तरी फ्लास्क धरतो.

गुनार्स आला. दाऊगावा गोठली होती.
बुटांना बर्फ, कोटाला धुरावलेल्या माशाचा वास,
आणि दाढी सफाचट.
"नातीला टोचते," म्हणाला.

दोघं हसली. मग बराच वेळ हसली नाहीत.
त्याने फ्लास्क दिव्यापुढे धरला, फिरवला.
"घाई तुला आहे, त्याला नाही,"
म्हणत ठेवून दिला खिडकीत,
जिथल्या फटीतून वारा येतो.

सोमवारी तसाच.
मंगळवारीही.
बुधवारी दिवा लावायच्या आधीच
तळाशी काहीतरी उजेडाला टोचलं.

वेल्टाने बारावी तारीख लिहिली.
वजन: चार मिलिग्रॅम.
पायऱ्या अजून पाच.